काचेवरची किंमत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर एक छापील कागद चिकटवलेला असतो. गाडीची मूळ किंमत, तिच्यात बसवलेल्या जादा सोयींची किंमत, ती दुकानापर्यंत आणण्याचा खर्च आणि या सर्वांची बेरीज त्यावर दिलेली असते. हा कागद लावण्याची कायद्याने सक्ती आहे; गाडी ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी तो काढणे किंवा त्यात फेरफार करणे हा गुन्हा ठरतो. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली हा कायदा झाला, म्हणून त्या कागदाला आजही तेथे मन्रोनींचेच नाव आहे. गंमत अशी, की एवढ्या बंदोबस्ताने छापलेली ही किंमत बहुतेक काळ बहुतेक ग्राहकांनी दिलेलीच नाही. कोणी तिच्याहून दोन हजार डॉलर कमी दिले, कोणी पाचशे कमी दिले, आणि एखाद्या भोळ्याने ती पुरती मोजून वर आभारही मानले.

जी किंमत सहसा कोणी देत नाही ती छापणे हे असत्य आहे काय? आणि ज्या एकट्याने ती दिली, त्याच्यावर अन्याय झाला काय? हे दोन प्रश्न एकच आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. ते एक नाहीत, आणि त्यांची उत्तरेही माझ्या मते निरनिराळी आहेत.

आधी हा कागद कशासाठी आला ते पाहू. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोटार-विक्रेते मन मानेल ती किंमत सांगत. गाडीच्या किमतीत आधीच काहीशे डॉलर गुपचूप भरावयाचे, आणि मग ग्राहकाची जुनी गाडी ‘भरघोस’ भावाने घेतल्याचा आव आणून तेच डॉलर त्याला परत द्यावयाचे, अशी ही रीत होती. ग्राहक खूश होऊन घरी जाई. कंपनीने सुचवलेली किंमत कोणती आणि दुकानदाराने भरलेली पोकळी किती, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मन्रोनींच्या कायद्याने तेवढा मार्ग उघडला. मात्र कंपनीने ‘सुचवलेली’ किंमत जाहीर करा, एवढेच तो कायदा सांगतो; त्याच किमतीला विका, असे सांगत नाही. तेथील विक्रेता हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो. तो गाडी स्वतः विकत घेतो आणि पुढे कमी, तितक्याच किंवा अधिक किमतीला विकू शकतो.

मग ग्राहकांनी विक्रेत्याची खरेदीकिंमत शोधून काढण्याचा उद्योग आरंभला. कंपनी विक्रेत्याला जे बिल देते त्याचे आकडे छापणारी पुस्तके निघाली. एडमंड्स या प्रकाशनाचे काम १९६६ पासून चालू आहे. आता सत्य हाती लागले असे लोकांना वाटले. परंतु त्या बिलाच्या मागेही आणखी एक पडदा होता. गाडी विकली गेल्यावर छापील किमतीच्या शेकडा दोन-तीन इतकी रक्कम कंपनी विक्रेत्याला मागाहून परत देते, आणि ठरावीक संख्या गाठल्यास आणखी बक्षीसही मिळते. तेव्हा विक्रेता बिल पुढे करून, ‘पाहा, मी तुम्हाला माझ्या खरेदीच्याच भावात देत आहे,’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या हातातला कागद खोटा नसतो. त्याच्या तोंडचे वाक्य मात्र खरे नसते. खऱ्या आकड्यांनी खोटे बोलता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता पहिला प्रश्न. घासाघीस ही मुळातच पापमय आहे असे काही सज्जन मानतात. मला ते मान्य नाही. मंडईत भाजीवाली वीस रुपये म्हणते, आपण बारा म्हणतो आणि सौदा पंधरावर तुटतो. येथे कोणीही कोणाला फसवलेले नसते, कारण ‘वीस’ ही संभाषणाची सुरुवात आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम सारेला पुरण्यासाठी मकपेलाची गुहा मागतो, तेव्हा एफ्रोन प्रथम ती फुकटच देऊ करतो. तो शब्दशः खरे बोलत नाही, हे वेशीत बसलेल्या प्रत्येकाला कळते. ती सौजन्याची भाषा होती. पुढे चारशे शेकेलांचा आकडा येतो आणि अब्राहाम एक शब्दही न बोलता तो तोलून देतो. ती किंमत जबर होती असे पुष्कळ भाष्यकार म्हणतात, आणि यिर्मयाने पुढे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेलांना घेतले याची आठवण देतात. असेलही. पण त्या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच: सारा व्यवहार लोकांच्या ऐकत, वेशीपाशी, चालू तोलाप्रमाणे झाला.

तेव्हा छापील किंमत ही बोलणीची सुरुवात आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यापुरती ती असत्य नव्हे. अडचण आहे ती ज्याला ठाऊक नाही त्याची. मंडईत आपल्या आधीच्या बाईने काय दिले ते आपल्या कानी पडते. नाही पटले तर चार पावलांवर दुसरी टोपली असते. अमेरिकेतील मोटारीच्या दुकानात ग्राहकाला एका खोलीत बसवतात. त्याच्यापुढे चार चौकटी आखलेला कागद ठेवतात: जुन्या गाडीचे मोल, नव्या गाडीची किंमत, आरंभी भरावयाची रक्कम आणि दरमहाचा हप्ता. एका चौकटीत त्याने दोनशे डॉलर मिळवले की ते दुसऱ्या चौकटीतून निघून जातात. विक्रेता मधूनमधून ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून उठतो. तो हा खेळ रोज खेळतो. ग्राहक कित्येक वर्षांतून एकदा. नियम एकालाच ठाऊक असलेल्या खेळाला खेळ कसे म्हणावे?

या खोलीत काय घडते याचा पुरावा इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी गोळा केला. शिकागो परिसरातील विक्रेत्यांकडे त्यांनी निरनिराळ्या वर्णांचे स्त्री-पुरुष ग्राहक म्हणून पाठवले. त्यांचा पोशाख सारखा होता, शिक्षण सारखे होते, आणि काय बोलावयाचे तेही एकसारखे पढवलेले होते. १९९१ साली हा अभ्यास प्रथम प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक भेटींवर आधारलेला विस्तृत अभ्यास पीटर सीगलमन यांच्या सहकार्याने १९९५ साली आला. त्याच गाडीसाठी गोऱ्या पुरुषाला जी अखेरची किंमत सांगितली गेली, तिच्याहून कृष्णवर्णीय पुरुषाला सरासरीने सुमारे अकराशे डॉलर अधिक सांगण्यात आले, आणि कृष्णवर्णीय स्त्रीला सुमारे चारशे. आणखी चटका लावणारी गोष्ट पहिल्याच अभ्यासात आली होती. दुकानात ग्राहकाला बहुधा त्याच्याच वर्णाच्या आणि लिंगाच्या विक्रेत्याकडे पाठवत, आणि तोच त्याला अधिक वाईट भाव देई. आपला माणूस म्हणून जो विश्वास वाटतो, त्याचीही किंमत वसूल होत होती.

निष्पक्षपणासाठी हेही सांगितले पाहिजे, की पिनेलोपी गोल्डबर्ग यांनी १९९६ साली प्रत्यक्ष खरेदीचे आकडे तपासले तेव्हा त्यांना सरासरी सवलतीत वर्णाप्रमाणे असा ठाम फरक आढळला नाही. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो फरक पुन्हा दिसला, पण इंटरनेटवरून भाव मागवून गाडी घेणाऱ्यांच्या बाबतीत तो बहुतांशी नाहीसा झाला होता. याचा अर्थ सरळ आहे. ग्राहकाचा चेहरा दिसेनासा झाला आणि माहिती त्याच्या हाती आली, की भाव समान होऊ लागले. सोन्याची अंगठी घालून सभास्थानात आलेल्या मनुष्याला मानाचे आसन आणि मळकट वस्त्रे घातलेल्याला पायाशी जागा, असे करणाऱ्यांना याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात खडसावतो. आपण ते वचन आसनांपुरते वाचतो. वस्त्रे पाहून आकडा ठरवणे हे आसन देण्याहून वेगळे आहे काय? अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजने बाळगण्याची मनाई आहे. एक मोठे आणि एक लहान वजन जवळ ठेवणाऱ्याला समोर कोण उभा आहे हे पाहूनच त्यांतले एक काढावे लागते. छापील किंमत आणि खरी किंमत यांतील अंतर म्हणजे अशीच एक थैली आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो शास्त्रातूनच येईल. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर राबलेले मजूर कुरकुर करतात तेव्हा धनी त्यांना विचारतो, की तुमच्याशी ठरला तोच रोज मी दिला, मग अन्याय कोठे झाला? त्याच न्यायाने विक्रेता म्हणू शकेल: बाबा रे, तू बावीस हजारांना राजी झालास, गाडी तुला मिळाली, शेजाऱ्याला मी वीस हजारांत दिली ती माझी मर्जी. तुझे काय गेले?

हा आक्षेप मी बराच काळ मनात घोळवला आहे. दाखल्यातील धनी शेवटल्या मजुरांना जे जास्त देतो ते स्वतःच्या पदरचे देतो. पहिल्यांच्या मजुरीतून एक पैही कापत नाही. मोटार-विक्रेत्याचे तसे नाही. हुशार ग्राहकाला दिलेली सवलत त्याला परवडते, कारण भोळ्या ग्राहकाकडून ती भरून निघते. येथे उदार कोणीच नसतो. एका ग्राहकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसे जातात, आणि बहुधा ज्याला वेळ, माहिती व आत्मविश्वास कमी आहे त्याच्याकडून ज्याला ते अधिक आहेत त्याच्याकडे. शिवाय दाखल्यातील एक लहानसा तपशील आपण सहसा सोडून देतो. धनी कारभाऱ्याला मजुरी शेवटल्यांपासून वाटावयास सांगतो. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर कुरकुर झालीच नसती! सर्वांना दिसावे अशा रीतीनेच तो वाटप करतो आणि मग तोंडावर उत्तर देतो. ज्याला आपला व्यवहार भर अंगणात करता येतो, त्यालाच ‘अन्याय कोठे झाला’ असे विचारण्याचा अधिकार आहे. चार चौकटींच्या खोलीत बसणाऱ्याला तो नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नेहमीच नाही’ असे आहे, तर दुसऱ्याचे ‘बहुधा होय’ असे आहे.

मध्ययुगातील धर्मपंडितांनी या प्रश्नाचा खल फार बारकाईने केला होता. थॉमस अक्वायनस आपल्या महाग्रंथात विचारतो, की वस्तूच्या मोलाहून अधिक दाम घेणे योग्य आहे काय? ती वस्तू सोडताना विक्रेत्याला विशेष तोटा होत असेल, तर त्याने तेवढे अधिक घ्यावे, असे तो म्हणतो. पण ग्राहकाला तिची अतिशय निकड आहे, एवढ्याच कारणासाठी अधिक घेऊ नये. कारण ती निकड ग्राहकाची आहे, विक्रेत्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार २०२१ आणि २०२२ साली अमेरिकेत अगदी ताजा झाला. महामारीनंतर संगणकीय चिपांचा तुटवडा पडला, गाड्या बनेनात, आणि विक्रेत्यांनी मन्रोनींच्या कागदाशेजारी स्वतःचा दुसरा कागद चिकटवला. त्यावर ‘बाजारभावानुसार वाढ’ म्हणून हजारो डॉलर लिहिलेले असत. जानेवारी २०२२ मध्ये पाच ग्राहकांपैकी चारांहून अधिकांनी छापील किमतीपेक्षा जास्त दिले, असे एडमंड्सने नोंदवले आहे. दोनच वर्षांपूर्वी सरासरी ग्राहक छापील किमतीहून दोन हजार डॉलरांपेक्षा अधिक कमी देत होता. गाडी तीच, पत्राही तोच. विकली गेली ती ग्राहकाची निकड.

अर्थशास्त्री म्हणतील, की टंचाईत किंमत वाढली नाही तर ज्याला खरी गरज आहे त्याला गाडी मिळणार नाही, ती ज्याची ओळख आहे त्याला मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आपणा भारतीयांना ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. परवाना-राजवटीत मोटारी व स्कूटर यांच्या किमतींवर निर्बंध होते आणि प्रतीक्षायाद्या वर्षानुवर्षे लांबत. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती दिली गेली तेव्हा तिची किंमत साडेसत्तेचाळीस हजार रुपये होती. त्या काळी नंबर लागलेला मनुष्य गाडी ‘ऑन’ने विकत असे, म्हणजे छापील किमतीवर गुपचूप काही हजार घेत असे, हे त्या पिढीतील प्रत्येकाला आठवेल. अमेरिकेत छापील किंमत खऱ्या किमतीच्या वर तरंगत होती, आपल्याकडे ती खाली बुडालेली होती. दोन्हीकडे खरा आकडा कानात सांगावयाचा होता. वेष्टनातल्या वस्तूंसाठी आपल्याकडे कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम आहे, आणि साबणाची वडी कोणी त्याहून महाग विकली तर आपण भांडू शकतो. मोटारीला असे कवच नाही. शोरूमची किंमत जाहिरातीत ठळक असते. मग नोंदणी, रस्ताकर, विमा आणि कधी ‘हाताळणी खर्च’ असे काहीतरी मिळून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत निराळीच होते. आणि तीतही कोपऱ्यातली सवलत कोणाला मिळते, कोणाला नाही. नागपूर काय, इंदूर काय, बडोदे काय, सगळीकडे हाच अनुभव आहे.

दुसरी वाट आहे काय? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या मित्रमंडळाने, ज्यांना क्वेकर म्हणतात त्यांनी, घासाघीस सोडून एकच भाव सांगण्यास सुरुवात केली. आपले होय ते होय व नाही ते नाही असावे, ही प्रभूची आज्ञा त्यांनी दुकानाच्या फळीवरही लागू केली. प्रथम गिऱ्हाइके तुटली. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की या दुकानी लहान मूल पाठवले तरी त्याला मोठ्या माणसाइतकाच भाव मिळतो. मग तीच गिऱ्हाइके परत आली, असे फॉक्स आपल्या रोजनिशीत लिहितो. मला वाटते, किमतीची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. दोनशे वर्षांनंतर फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर या प्रेस्बिटेरियन गृहस्थाने, जो बेथनी येथील मोठी रविवारशाळाही चालवीत असे, १८६१ साली दुकान उघडले. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावून एकच भाव ठेवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. हळूहळू साऱ्या वस्तूंना चिठ्ठी लागली, पण मोटार मात्र जुन्याच वाटेने चालत राहिली.

मोटारींतही प्रयत्न झाले. जनरल मोटर्सने १९९० साली सॅटर्न नावाची गाडी आणली आणि तिच्या विक्रीत घासाघीस बंद केली. ग्राहक संतुष्ट होते. तरी इतर कारणांनी २०१० साली तो कारभार आटोपला. याच कंपनीने जून २००५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना मिळणारा भाव सर्वांना देऊ केला, आणि त्या महिन्याची विक्री आधीच्या वर्षीच्या जूनपेक्षा शेकडा चाळीसने वाढली. नंतर संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा आढळले, की अनेक मॉडेलांना लोकांनी आधीच्या महिन्यांपेक्षा अधिक पैसे दिले होते, कारण पूर्वीची सवलत याहून मोठी होती! लोक स्वस्ताईला भुलले नव्हते. ‘माझ्या शेजाऱ्यालाही हाच भाव आहे’ या खात्रीसाठी त्यांनी जादा पैसे मोजले. मात्र एकच भाव ठेवला म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. टेस्ला कंपनी विक्रेता मध्ये न घालता एकाच किमतीला गाड्या विकते. जानेवारी २०२३ मध्ये तिने किमती एकाएकी मोठ्या प्रमाणात उतरवल्या, तेव्हा चीनमध्ये नुकतीच गाडी घेतलेले ग्राहक शोरूमवर जाऊन निषेध करू लागले. त्यांच्यावर अन्याय झाला असे मला वाटत नाही. दुर्दैव म्हणता येईल. किंमत उद्या बदलू शकते, हे त्यांच्यापासून कोणी लपवले नव्हते आणि त्या दिवशी सर्वांना तोच आकडा होता. अमेरिकेत सरकारनेही हात घालून पाहिला. जाहीर केलेली किंमत हीच संपूर्ण किंमत असावी असा नियम फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये काढला, पण तो करताना ठरलेली रीत पाळली नाही म्हणून अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द केला.

येथवर सारा दोष विक्रेत्याच्या माथी मारला. ग्राहकाचे काय? नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक चतुर ग्राहक आहे. तो वस्तू पाहताना ती अगदी टाकाऊ म्हणतो, आणि घेऊन गेल्यावर आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. शलमोनाने येथे विक्रेत्याला पकडले नाही, ग्राहकाला पकडले आहे. ‘दुसऱ्या शोरूममध्ये वीस हजार कमी सांगितले आहेत,’ असे न सांगितलेले सांगणे आपल्यातील किती भल्या माणसांना खटकते? संत ऑगस्टीन त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका नटाची गोष्ट सांगतो. तुम्हा सर्वांच्या मनातले ओळखतो, असे त्या नटाने जाहीर केले, आणि गर्दी जमल्यावर म्हणाला, की स्वस्त घ्यावे आणि महाग विकावे असे तुम्हा प्रत्येकाला वाटते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टीन म्हणतो, नटाचे चुकले. आपल्या माहितीच्या एका मनुष्याला कोणी एक हस्तलिखित विकावयास आणले; विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते म्हणून त्याने अगदी थोडे मागितले; आणि त्या मनुष्याने मागितलेल्यापेक्षा कितीतरी अधिक अशी योग्य किंमत त्याच्या हाती ठेवली.

आपल्या मंडळ्यांतील अनेक तरुण आज मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीचे काम करतात. पगार बेताचा, महिन्याला इतक्या गाड्या खपल्या पाहिजेत असे बंधन, आणि वरची कमाई गाडीमागे. ही नोकरी विश्वासू मनुष्याने करावी काय, असे ते कधी विचारतात. करावी, असे मी म्हणेन. भाव वर-खाली करणे हे त्याच्या धंद्याचे अंग आहे, आणि त्यात मला दोष दिसत नाही. पण साहेबांना न विचारताच ‘विचारून आलो’ म्हणणे, उद्याही मिळणारी सवलत ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून सांगणे, आणि म्हातारीने विचारले नाही म्हणून तिला सवलत न सांगणे, या तीन गोष्टी त्याला नाकाराव्या लागतील. त्या नाकारल्याने महिन्याला एखादी गाडी कमी जाईल, क्वचित नोकरीही जाईल, हे धर्मोपदेशकाने त्याला आधीच सांगितलेले बरे. आणि त्याच महिन्यात मंडळीतल्या कोणाला गाडी घ्यावयाची असेल, तर ती कोणाकडून घ्यावी याचा विचार पंच कमिटीत बसणाऱ्यांनी करावा.